नटाने बोलावं, पण उत्तर ऐकायला थांबावं

डॉ. श्रीराम लागू १७ डिसेंबर २०१९ रोजी गेले. तेव्हापासून त्यांच्या आठवणी निघाल्या की एक वाक्य हमखास कानावर येतं : 'नट म्हणून फार मोठा माणूस, पण ते देवाचं तेवढं बोलायला नको होतं.' १६ नोव्हेंबर २०२७ ला त्यांच्या जन्माला शंभर वर्षं होतील. शताब्दीच्या भाषणांत 'नटसम्राट' असेल, 'पिंजरा' असेल, 'सामना' असेल, आणि देव ही कल्पनाच नाकारणारा 'देवाला रिटायर करा' हा त्यांचा लेख एखाद्या ओळीत उरकला जाईल, अशी मला भीती आहे. हे फक्त लागूंपुरतं नाही. आज कुठल्याही नटाने सार्वजनिक प्रश्नावर तोंड उघडलं की एक बाजू म्हणते, 'तू अभिनय कर, बाकीचं आम्ही बघतो.' दुसरी बाजू तेवढ्याच तावातावाने म्हणते, 'जो कलावंत भूमिका घेत नाही तो भेकड.' ही दोन्ही भांडणं मला चुकीच्या प्रश्नावरची वाटतात. नटाला बोलण्याचा हक्क इतर कुठल्याही नागरिकाइतकाच आहे. जास्त नाही आणि कमीही नाही. त्याच्यावर एक जबाबदारी मात्र इतरांपेक्षा जास्त आहे : बोलून झाल्यावर त्याने समोरच्याचं ऐकायला थांबलं पाहिजे. लागूंनी ती जबाबदारी ज्या निष्ठेने पार पाडली तिच्याकडे आपण पाहतच नाही. त्यांचं मत बरोबर की चूक, एवढ्यावरच आपण अडून बसतो.

मी नास्तिक नाही. आमच्या घरात आषाढी-कार्तिकी पाळली जाते आणि देवाविषयी लागूंनी केलेला युक्तिवाद मला पटलेला नाही. तरीही, किंबहुना त्यामुळेच, हा लेख लिहावासा वाटतो. आपल्याला पटणाऱ्या मताचा बचाव करणं सोपं असतं. ज्याचं मत पटत नाही त्याने ते कसं मांडलं, याचा न्याय करणं अवघड, आणि आजच्या वादांत नेमकं तेच हरवलं आहे.

विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा आधी घेऊ. प्रसिद्धी म्हणजे ज्ञान नव्हे. नाट्यगृहात तिसरी घंटा होते, दिवे मालवतात, आणि हजारभर माणसं एका माणसाचं बोलणं दोन-अडीच तास निमूटपणे ऐकतात. त्याला मध्येच कोणी थांबवत नाही, कोणी 'हे कशावरून?' असं विचारत नाही. वर्षानुवर्षं असं ऐकून घेतलं गेलं की नटाच्या शब्दाला एक वजन येतं, आणि ते त्याने अभ्यासाने मिळवलेलं असतंच असं नाही. 'नटसम्राट'च्या अप्पासाहेब बेलवलकरांच्या तोंडी जे बोल होते ते नाटककार शिरवाडकरांचे होते. त्यांचा दबदबा मात्र लागूंच्या पाठीशी राहिला. मग त्याच आवाजाने देवाबद्दल काही सांगितलं तर साध्या प्रेक्षकावर त्याचा अवाजवी परिणाम होणार नाही का? होतो. हे मी पूर्ण मान्य करतो. माझा प्रश्न पुढचा आहे : या अवाजवी वजनावर उपाय कोणता? नटाचं तोंड बंद करणं, की नाट्यगृहात प्रेक्षकाने मिटलेलं तोंड बाहेर उघडायला लावणं? पहिला उपाय मान्य केला तर कीर्तनकाराचं काय, क्रिकेटपटूचं काय, कादंबरीकाराचं काय? श्रोत्यांनी शांत बसून ऐकण्याची सवय ज्या-ज्या व्यवसायात आहे, त्या सगळ्यांनाच मग गप्प बसवावं लागेल. आणि देव आहे की नाही या प्रश्नावर अधिकारवाणीने बोलण्याची पदवी नेमकी कोणाकडे असते?

शिवाय हा आक्षेप आपण प्रामाणिकपणे लावतो का? नट पडद्यावरून दागिने विकतो, पानमसाला विकतो, पैशांवर खेळायचे खेळ विकतो. त्या वेळीही तो आपल्या प्रसिद्धीचं वजन अशा विषयावर टाकत असतो ज्यातलं त्याला काही कळत असण्याची खात्री नसते. तेव्हा 'तू नटच राहा' असं फारसं कोणी म्हणत नाही. पैसे घेऊन बोललं तर व्यवसाय, न घेता बोललं तर आगाऊपणा, हा कुठला न्याय? प्रसिद्धीच्या गैरवापराची खरी चिंता असलेल्या माणसाने आधी जाहिरातींबद्दल बोलावं. ती चिंता फक्त मतांच्या वेळीच जागी होत असेल, तर अडचण प्रसिद्धीची नसून त्या विशिष्ट मताची आहे. तसं असेल तर ते उघड सांगावं.

दुसरा आक्षेप जास्त बारीक आहे, आणि तो लागूंच्याच शब्दांतून निघतो. आपल्या आत्मचरित्राला त्यांनी 'लमाण' हे नाव दिलं. लेखकाचा माल प्रेक्षकापर्यंत वाहून नेणारा तो नट, एवढीच आपली कामगिरी, अशी त्यामागची भूमिका. मग विरोधक विचारतात, वाहून नेणाऱ्याने स्वतःचा माल का विकावा? पण वाहणारा माल निवडतो, ही गोष्ट या प्रश्नात विसरली जाते. शल्यचिकित्सक असलेला हा माणूस, पुण्यात आणि आफ्रिकेत कान-नाक-घशाच्या रुग्णांवर उपचार करून, १९६९ मध्ये चाळिशी उलटल्यावर पूर्णवेळ नट झाला. पुढच्याच वर्षी त्याने काय-काय उचललं ते पाहा. १९७० च्या मे महिन्यात तेंडुलकरांचं 'गिधाडे' त्यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आलं. एका घरातली माणसं पैशासाठी एकमेकांचे लचके तोडतात, असं ते नाटक. त्यातला साडीवरचा रक्ताचा लाल डाग परिनिरीक्षण (सेन्सॉर) मंडळाला खुपला. मग डाग निळा करण्यात आला आणि प्रयोगाआधी प्रेक्षकांना सांगण्यात आलं की, हा निळा डाग लाल समजावा. त्याच वर्षी २३ डिसेंबरला दि गोवा हिंदू असोसिएशनने 'नटसम्राट'चा पहिला प्रयोग केला. दिग्दर्शक पुरुषोत्तम दारव्हेकर. एका नाटकाने मराठी कुटुंबाला रडवलं, दुसऱ्याने त्याच कुटुंबाच्या तोंडासमोर आरसा धरला. दोन्ही एकाच माणसाने वाहून आणली. 'नटसम्राट'वर प्रेम करायचं आणि 'गिधाडे'कडे पाठ फिरवायची, ही सोय प्रेक्षकाला आहे. पण ज्याने दोन्ही निवडली त्याच्या निवडीमागे एक विचार होता, तो मान्य न करता त्याला निव्वळ आवाज आणि चेहरा ठरवणं ही त्याच्या कलेचीही अवहेलना आहे. पुढे गो. पु. देशपांड्यांचं 'उद्ध्वस्त धर्मशाळा', एलकुंचवारांचं 'आत्मकथा', प्रेमानंद गज्वींचं 'किरवंत' ही नाटकं त्यांनी केली. यांतलं कुठलं नाटक केवळ गल्ल्यावर नजर ठेवून निवडलं असेल? आणि १९९९ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, मकरंद साठ्यांच्या 'सूर्य पाहिलेला माणूस'मध्ये ते सॉक्रेटिस झाले. प्रश्न विचारले म्हणून ज्याला विषाचा पेला प्यावा लागला, त्या माणसाची भूमिका त्यांनी त्या वयात का घेतली असेल, हे वेगळं सांगायला हवं का?

तिसरा आक्षेप : नटाची मतं माहीत झाली की भूमिका खरी वाटेनाशी होते. हा मुद्दा मला सैद्धांतिक पातळीवर पटतो, पण अनुभव त्याच्या विरुद्ध जातो. १९७७ च्या 'देवकीनंदन गोपाला'मध्ये लागू गाडगे महाराज झाले. देव न मानणाऱ्या माणसाने 'गोपाला गोपाला' म्हणणारा संत उभा केला, आणि त्यांची मतं ठाऊक असलेल्या भाविकांच्या डोळ्यांतही पाणी आलं. (गाडगेबाबा स्वतः कीर्तनात लोकांना देवाविषयी खडे सवाल करत. त्यामुळे या दोघांतलं अंतर वाटतं तेवढं मोठं नसावं, असं मला नेहमी वाटत आलं आहे.) निळू फुले तर याहून मोठं उदाहरण. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आलेला, आयुष्यभर चळवळींत वावरलेला हा सात्त्विक माणूस पडद्यावर लंपट पाटील आणि बेरकी पुढारी झाला की बायाबापड्या खरोखर त्याचा राग करत. 'सामना'त एका बाजूला साखरसम्राट हिंदुराव झालेले निळूभाऊ, दुसऱ्या बाजूला 'मारुती कांबळेचं काय झालं?' हा प्रश्न धरून बसलेले दारुडे मास्तर झालेले लागू. दोघांचीही सार्वजनिक भूमिका महाराष्ट्राला ठाऊक होत गेली. त्याने तो चित्रपट कमी खरा झाला का? नटाची मतं माहीत झाल्याने भूमिका कोसळत असेल, तर ती अभिनयात कच्ची होती, एवढाच त्याचा अर्थ.

चौथा आक्षेप मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. ज्या प्रेक्षकाने तिकीट काढून या नटाला मोठं केलं, त्या श्रद्धाळू प्रेक्षकाच्या जिव्हाळ्याच्या जागेवर नटाने घाव घालावा का? 'रिटायर करा' हा शब्द झोंबणारा होता, यात शंका नाही. पंढरीची वाट चालणाऱ्या माणसाला तो लागला असेल तर त्याचं दुःख खोटं म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण तिकीट कशाचं काढलं होतं? प्रयोगाचं. नटाच्या विवेकबुद्धीचा भाडेकरार त्या तिकिटात नव्हता. आणि श्रद्धेवर टीका करणं व श्रद्धाळू माणसाची टवाळी करणं यांत फरक आहे. लागूंचा हल्ला कल्पनेवर होता. देवाच्या नावावर चालणारं शोषण, नवसापायी होणारी लूट, बुवाबाजीत भरडल्या जाणाऱ्या बायका हे त्यांच्यासमोर होतं. त्यांचा निष्कर्ष टोकाचा होता असं मी म्हणेन, पण त्यामागची कळकळ माणसांविषयीची होती.

आता लागूंच्या बोलण्यातला जो भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि ज्याची चर्चा सर्वांत कमी होते, त्याकडे येतो. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि लागू मिळून 'विवेकजागराचा वाद-संवाद' हा कार्यक्रम महाराष्ट्रभर करत. त्याची रचना लक्षात घ्या. लागूंचं म्हणणं, देव मानणं हीच मुळात सर्वांत मोठी अंधश्रद्धा. समितीची आणि दाभोलकरांची भूमिका निराळी : देवाधर्माला आमचा विरोध नाही, देवाच्या नावाने होणाऱ्या शोषणाला आहे. म्हणजे एकाच व्यासपीठावर एकाच चळवळीतली दोन माणसं लोकांसमोर उघडपणे एकमेकांशी असहमत होत होती. आपल्या मताला जाहीर आव्हान मिळेल अशी व्यवस्था स्वतःच करून, स्वतःच तिथे हजर राहायचं, हे कितीजणांना जमतं? लागूंसारख्या नटाला एकट्याने भाषण ठोकणं किती सोपं होतं! तो आवाज, ती शब्दफेक, ते विराम. सभागृह मुठीत घ्यायला दहा मिनिटं पुरली असती. ते सोडून त्यांनी असा प्रकार निवडला ज्यात शेजारी बसलेला माणूस त्यांचं म्हणणं खोडू शकत होता. रंगमंचावर लोकांनी दिलेली शांतता त्यांनी व्यासपीठावर परत केली, असं मी याला म्हणेन. मत मांडून पाठ फिरवणारा नट आणि मत मांडून थांबणारा नट यांत जमीनअस्मानाचं अंतर आहे, आणि आजच्या वादात हे अंतर कोणी मोजतच नाही.

बोलण्याला कामाची जोड होती, हेही विसरून चालणार नाही. सामाजिक चळवळींत पूर्णवेळ झोकून दिलेल्या कार्यकर्त्यांना दरमहा काही मानधन मिळावं म्हणून सामाजिक कृतज्ञता निधी उभारला गेला. त्यासाठी लागू, निळू फुले आणि इतर नामवंत कलावंतांनी आचार्य अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी'चे प्रयोग केले. ज्या कामावर पोट चालतं तेच काम या माणसांनी निधीसाठी दिलं. मत मांडायला काही खर्च येत नाही, असं म्हणणाऱ्यांनी या प्रयोगांची आठवण ठेवावी.

हे काही लागूंनी नव्याने सुरू केलं नव्हतं. १९२१ मध्ये बालगंधर्व आणि केशवराव भोसले या दोन प्रतिस्पर्धी गायकनटांनी टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' केलं. त्या काळात स्वराज्य फंडाला पैसा देणं ही सरकारच्या डोळ्यांवर येणारी भूमिका होती. 'तुम्ही गायक आहात, गा. स्वराज्याचं आम्ही बघतो' असं त्यांना कोणी सांगितल्याचं आपल्याला आठवतं का? त्याच्याही आधी, १९०७ मध्ये, खाडिलकरांच्या 'कीचकवधा'त लोकांना कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झन दिसला आणि १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. रंगमंचावरचा माणूस नुसतं मनोरंजन करत नाही हे परक्या सरकारला कळत होतं. आपण ज्या नटांना आज 'थोर परंपरा' म्हणून हार घालतो, ते आपल्या काळात गप्प बसलेले नव्हते. पन्नास-शंभर वर्षं उलटली की नटाची भूमिका आपल्याला इतिहास वाटते आणि तो जिवंत असताना ती आगळीक वाटते. हा दोष पाहणाऱ्याच्या नजरेतला आहे.

इथे एक अट मात्र पाळावी लागेल, आणि लागूंच्या चाहत्यांनाही ती जड जाईल. हक्क सगळ्यांना सारखा. लागूंना देव नाकारण्याचा हक्क असेल, तर दुसऱ्या नटाला देव मानण्याचा, धर्माभिमान मिरवण्याचा, लागूंच्या विरुद्ध टोकाच्या पक्षाचा प्रचार करण्याचा हक्क तितकाच आहे. पु. ल. देशपांडे १९७७ च्या निवडणुकीत जनता पक्षासाठी सभांमधून बोलले. दादा कोंडके सेवा दलाच्या संस्कारांतून आले आणि पुढे शिवसेनेच्या व्यासपीठावर गाजले. पहिल्याचं कौतुक करायचं आणि दुसऱ्याला 'नाच्या' म्हणून झिडकारायचं, हा दुटप्पीपणा पुरोगामी म्हणवणाऱ्यांनी पुष्कळ केला आहे. मी जी कसोटी सांगतो आहे ती दोघांनाही लावा : हा माणूस प्रश्न घेतो का? विरोधी बाजूच्या माणसाशेजारी बसतो का? आपल्या मतासाठी पदरमोड करतो की त्याचा मोबदला घेतो? या कसोटीवर कोणताही पक्ष आपोआप उत्तीर्ण होत नाही.

आणि दुसऱ्या गटाचं काय, जो प्रत्येक कलावंताकडे भूमिकेची मागणी करतो? त्यांचं म्हणणं उदात्त वाटतं, पण त्यात निष्ठुरपणा आहे. लागूंच्या मागे वैद्यकीची पदवी होती, हिंदी चित्रपटांतली कामं होती. 'घरौंदा'साठी त्यांना फिल्मफेअर मिळालं होतं. एक दार बंद झालं तर दुसरं उघडं होतं. जो नट प्रयोगाच्या नाइटवर घर चालवतो, ज्याची मालिकेतली भूमिका एका भागात अपघात दाखवून संपवता येते, त्याने गप्प राहायचं ठरवलं तर त्याला भेकड कोण म्हणणार? घरी बसून, काहीही न गमावता, दुसऱ्याच्या पोटावर धाडसाची बाजी लावणारे? बोलण्याच्या हक्कात न बोलण्याचा हक्क येतोच. सक्तीने वदवून घेतलेलं मत तर मुळीच ऐकण्याच्या लायकीचं नसतं, कारण त्यावर प्रश्न विचारला तर उत्तर द्यायला माणूसच जागेवर नसतो. लागूंचं धैर्य मोठं होतं, पण ते इतरांना बडवायची काठी म्हणून वापरणं हा त्या धैर्याचा अपमान आहे.

दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. ज्याच्याशी जाहीर मतभेद करत महाराष्ट्र पालथा घातला, तो माणूस सकाळी फिरायला गेला असताना गोळ्या घालून मारला गेला. त्यानंतर 'नटांनी असल्या भानगडीत पडू नये' या वाक्याचा अर्थ बदलतो. ते आता व्यवहारी सल्ल्यासारखं ऐकू येत नाही, त्यात धाक मिसळलेला आहे. जे लोक हे वाक्य सहज उच्चारतात त्यांच्या मनात तो धाक नसतो, हे मला ठाऊक आहे. पण आपण उच्चारलेलं वाक्य कोणाच्या उपयोगी पडतं, याचा विचार सुजाण माणसाने करायला हवा.

'पिंजरा'त लागूंनी रंगवलेले मास्तर मेले असं समजून गाव त्यांचा पुतळा उभारतं, आणि जिवंत मास्तर त्याच गावासमोर उभा असताना त्याला ओळखत नाही. उलट मास्तरांचा खुनी म्हणून त्यालाच शिक्षा होते. शताब्दीत लागूंचं असं होऊ द्यायचं नसेल, तर कार्यक्रमपत्रिकेत काही गोष्टी मुद्दाम घालाव्या लागतील. 'नटसम्राट'मधली स्वगतं जरूर व्हावीत, पण 'गिधाडे'चाही एक पूर्ण प्रयोग व्हावा, या वेळी लाल डागासह. 'देवाला रिटायर करा' हा लेख व्यासपीठावरून अथपासून इतिपर्यंत वाचला जावा. त्यानंतर एक वाद-संवाद ठेवावा : एका बाजूला लागूंचं म्हणणं मांडणारा, दुसऱ्या बाजूला एखादा व्यासंगी वारकरी कीर्तनकार, दोघांना सारखा वेळ. निम्मा कार्यक्रम प्रेक्षकांच्या प्रश्नांसाठी राखावा, आणि त्या वेळात सभागृहातले दिवे चालू ठेवावेत. असा कार्यक्रम कोणी ठरवला, तर लागूंच्या विरोधात प्रश्न विचारणाऱ्यांच्या रांगेत मीही उभा राहीन.